हद्दीबाहेरचा बाप

खोपोली,
१० एप्रिल २०२५

चि. उज्ज्वला हिला आबाचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तूही असशील, कारण तुझी आई म्हणते की पोरगी हल्ली सगळ्यांवर खेकसते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. फोनवर तू रडतेस, मी खोकत बसतो आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून हे पत्र. वाडीतला सीताराम बाजाराला घाट उतरून आलाय, त्याच्या हाती देतोय.

इथलं काम सावलीचं आहे. रोपवाटिकेत पाइप धरून उभं राहायचं, कलमांना पाणी घालायचं. मी हद्दपार आहे हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याने विचारलं, "काय केलंत?" म्हटलं, "गावच्या झऱ्याला सरपंचाने तारेचं कुंपण घातलं, त्याची तक्रार केली." तो हसला आणि पाइप हातात दिला. घरमालकीण सरूबाई रोज विचारते, "भाऊ, जेवलाव का?" खोटं बोललो तर तिला कळतं, मग ताट येतं.

परवा किरणरावांचे वडील कर्जतहून भेटायला आले होते. जाताना आंब्याची दोन कलमं घेऊन गेले, पैसे मी देऊ दिले नाहीत. व्याही म्हणून माणूस सोन्यासारखा आहे. तुमच्या लग्नाला लोणावळ्याचा हॉल ठरला हेही त्यांच्याकडूनच कळलं.

तू हसशील, पण निलेशशेठने माझ्यावर उपकारच केलेत. सरपंच माणूस, त्याने खोट्या केसेस घातल्या, मला गुंड ठरवलं, वर्षभर पुणे जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम आणवला. हुकूम काढणाऱ्यांनी नकाशा पाहिला, आपला कडा नाही पाहिला. त्यांना वाटलं, नवसू परमुलखात गेला. अगं, कळकवाडीच्या निम्म्या लेकी घाटाखाली दिलेल्या! जिथे जिल्हा संपतो तिथूनच आपल्या सोयरिकी सुरू होतात. तुझी आई बाजाराच्या दिवशी घाट उतरते, मला भाकरी देते, वर चार शिव्या देते. परमुलखात एवढं कुणाला मिळतं?

मागे तू म्हणालीस ते मात्र मनात राहिलं. शेठ पुन्हा निवडून आला, गुलाल उधळला, वाघजाईच्या देवळात त्याच्या नावाची फरशी बसली. "आबा, तुमची देवी आता त्याच्या फरशीवर बसलीय, तुमच्याकडे बघतसुद्धा नाही." पोरी, चिक्कीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची तोंडं बघतेस, पण देवीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं नाहीस. ती घाटमाथ्यावर कोकणाकडे तोंड करून बसलीय. शेठचा बंगला तिच्या मागे. बघते ती खाली, माझ्याकडेच.

मला राग आला नाही असं नाही. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. सुरुवातीला मी कान देऊन बसायचो, ती कधी पडते म्हणून. तर शेठला नवी गाडी आली आणि त्याच्या पोराला पेट्रोल पंप मिळाला. मग म्हटलं, काठी तिची आहे, कधी उचलायची ते ती बघेल. राज्य तिचं, शेठ आज आहे, उद्या नाही. माझ्या हातात पाण्याचा पाइप आहे, तो मी नीट धरावा. तेव्हापासून मला झोप लागते.

आता लिहायचं ते लिहितो. पप्पूमामा शेठचा निरोप घेऊन आला होता. "दाजी, ग्रामसभेला एवढंच लिहून द्या, तक्रार खोटी व्हती. लग्नाआधी शेठ हुकूम उठवतोय. आखितीला पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला बाप नगं का?" मामाला शेठकडे आपल्या घरातून कुणी पाठवलं ते मी विचारलं नाही. तूही सांगू नकोस. लग्नापुरती परवानगी मागितली होती ती नामंजूर झाली, हे आईने तुला सांगितलं नसेल.

मी हो म्हणणार होतो. तुझ्यासाठी म्हणणारच होतो. पण तक्रार खोटी म्हटली की झरा कायमचा शेठचा. वाडीतल्या बाया आजीने या वयात हंडा घेऊन कुठे जायचं? वाडी माझ्यामागे उभी राहिली ती माझ्या शब्दावर. म्हणून मामाला नाही म्हटलं.

उज्ज्वला, मी तुझ्या लग्नाला येणार नाही. हे एक वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली.

मुहूर्ताला मी इथल्या माळावर उभा राहीन आणि वर बघून अक्षता टाकीन. मध्ये देवी बसलीय, ती पोचवील. तिने आपल्याला खूप दिलंय, तुझ्यासारखी लेक दिली. रागवायचं तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको.

तुझा,
आबा


कळकवाडी,
१५ एप्रिल २०२५

ती. आबांना उज्ज्वलाचा नमस्कार.

पत्र मिळालं. आधी चिडले, मग खूप रडले, मग बाया आजीला वाचून दाखवलं. तिने मलाच झापलं. "कुटं अडलंय गं तुमचं? आमच्या वक्ताला नवरीच वऱ्हाड घेऊन घाट उतरायची, नवऱ्याच्या दारी लगीन लागायचं. ह्ये हॉलचं याड तुमी आनलंत. मांडव हितंच पायजे आसं देवीनं सांगितलं व्हय?"

आबा, हे आपल्या कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? किरणचं गाव रायगडात! तिथे तुम्हाला कुणाच्या बापाची बंदी नाही. मी लगेच किरणला फोन लावला. त्याच्या आई म्हणाल्या, "बरंच झालं, आमचा घाट चढायचा वाचला." लोणावळ्याचा हॉल रद्द केला. त्यांच्याच दारात मांडव पडतोय आणि अख्खी वाडी घाट उतरतेय. आई तर तुमच्यासाठी फेटा घेऊन आलीसुद्धा. निलेशशेठलाही पत्रिका नेऊन दिली. विचारलं, "घाटात गुडघे चालतील ना?"

तक्रार मागे घेऊ नका. तुम्ही नाही म्हणालात ते बरं केलंत. तुमची लेक असल्याचा मला अभिमान आहे, हे फोनवर मला कधी बोलता आलं नसतं.

देवीवरून आपलं भांडण आहे ते लग्नानंतर करू. पण निघताना पहिला नारळ तिलाच फोडणार आहे, आणि मागणार काहीच नाही. शेठने तुम्हाला नेमकं त्याच मुलखात हाकललं, जिथे मी नांदायला येणार होते. हे शेठच्या डोक्यातून आलेलं नाही, एवढं मलाही कळतं.

अक्षयतृतीयेला सकाळी घाटाच्या पायथ्याशी उभे राहा. मांडवापर्यंत मी तुमच्याबरोबर चालत जाणार आहे.

नांदायला जाण्याआधी तुमच्याकडे येणारी,
उज्ज्वला