आलेख बरोबरच होता

सर, तुम्ही प्रत्येक तासाची सुरुवात आदल्या तासाच्या चुकीने करायचात. सिग्नल प्रोसेसिंगसारखा विषय, समोर भरलेला वर्ग, आणि खडू उचलून तुमचं पहिलं वाक्य, "काल मी एक चुकीचं सांगितलं." एखाद्या दिवशी चूक नसली की मागून कुणीतरी ओरडायचं, "सर, आज छुट्टी काय?" तुम्ही म्हणायचात, "म्हणजे काल कुणी नीट ऐकलं नाही." आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिकलेला माणूस चुकतो आणि ते चारचौघांत सांगतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. एकदा मला तुमच्या गणितात चिन्ह उलटं दिसलं. तासाला बोलायची हिंमत झाली नाही; नंतर स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून पुटपुटले. तुम्ही हसलात. "कामतघरची ना तू? भिवंडीच्या पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेली तिकडची पोरं कानठळ्या बसवतात माझ्या. तुझा आवाज कुठे ठेवून आलीस?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलंत, खडू हातात दिलात आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसलात. मी फळ्यावरचं चिन्ह सुधारतेय, आणि तुम्ही विद्यार्थ्यासारखे मान खाली घालून लिहून घेताय.

आता मी तोच विषय शिकवते, भिवंडीतच. काल कन्व्होल्यूशन शिकवताना एक आलेख उलटा करून उजवीकडे सरकवत होते. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, वजा चिन्ह आहे, मग डावीकडे जायला पाहिजे ना?" मी गडबडले. "बरोबर आहे तुझं," म्हणत सगळं पुसलं. मागची मुलं ओरडली, "अरे वा, मॅडमला पकडलं!" ती ओढणीत तोंड लपवून हसत होती. घरी येताना रिक्षात लक्षात आलं, माझा आलेख बरोबरच होता. उलटा केल्यावर तो उजवीकडेच सरकतो.

आज दुपारी पुन्हा तास आहे. चुकीचं तसंच ठेवलं तर सगळी मुलं परीक्षेत तेच लिहितील. सांगितलं, तर ती पुन्हा कधी हात वर करेल का? आई म्हणते, "सांगून टाक ना. तिला कोन खातंय काय?" मी सांगणार आहे. तिने विचारलं ते योग्यच होतं, न तपासता पुसलं ते मी, असं म्हणेन.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. काल फळा पुसताना मला फार छान वाटत होतं. वर्गासमोर मी अगदी तुमच्यासारखी दिसत असेन, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.