शुक्रवारच्या तासाचे मार्क

प्रिय अक्का,

उद्या अभ्यास मंडळाची बैठक आहे. तुझा शुक्रवारचा तास ठेवायचा की काढायचा, हे मला सांगायचंय आणि मला काही सुचत नाही. तू असतीस तर फोन करून तुझं डोकं खाल्लं असतं.

तू गेल्यावर पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र माझ्याकडे आलं. तुझ्या शुक्रवारच्या शेवटच्या तासाला काहीच शिकवायचं नसे. कुणाला काय कळलं नाही ते सांगायचं, बस. जयनगरच्या बाजारातून आणलेल्या भाजक्या शेंगा खात पोरं कन्नडमध्ये बेधडक म्हणायची, "अर्थ आगलिल्ला, मॅडम," म्हणजे कळलं नाही. त्यावरून तू पुढच्या आठवड्याचं शिकवणं ठरवायचीस. मी शेजारच्या वर्गातून येऊन तुला आळशी म्हणायचो. "सरी बिडु, राहू दे," म्हणून तू हसायचीस.

नवा अभ्यासक्रम आखताना मी हौसेने तो तास त्यात घातला. तुझी आठवण म्हणून, दुसरं काय? मंडळाने विचारलं, यातून विद्यार्थ्याला नेमकं काय येणार? मी लिहिलं, चांगले प्रश्न विचारता येतील. मग ते तपासणार कसं? म्हणून मी मार्क लावले. सगळे खूश झाले, मीसुद्धा.

आता मुलं मोबाइलवरून तयार प्रश्न घेऊन येतात. इतके हुशार, की मलाच उत्तरं येत नाहीत! न कळलेलं मात्र कुणी सांगत नाही. कशाला सांगतील?

गेल्या शुक्रवारी तास संपल्यावर सिंधू नावाची मुलगी दाराशी घुटमळली. "सर, एक विचारू? याला मार्क नकोत."

"विचार ना."

"मोल म्हणजे काय, ते मला कधी कळलंच नाही."

अक्का, सगळा विषय त्यावर उभा आहे आणि माझं शेवटचं युनिट चालू आहे. तिला समजावलं. पण बाकीच्यांचं काय?

मार्क काढले, तर मंडळ तास काढणार. ठेवले, तर तास नुसता नावाला. काढून टाकला, तर आमच्या विभागात तुझं असं काय उरलं? इतकी वर्षं शिकवलंस, तो तास चालतो कसा हे एकदाही का सांगितलं नाहीस? स्वल्प रागावलोय तुझ्यावर. आणि फार आठवण येते.

उद्या मी काय बोलेन, ठाऊक नाही. कदाचित तास जाईलही. पण तुला एक कबूल करतो. निर्णय काहीही लागो, सोमवारी वर्गात गेल्यावर मला स्वतःला काय कळत नाही, ते मी आधी सांगेन. मग त्यांना विचारेन. कुणीच बोललं नाही, तर शिकवायला सुरुवात न करता थांबून राहीन.

तुझा,
रघू