आबांचं ‘परत घे’

जळगाव, १२ जानेवारी २०२५

प्रिय संघमित्राअक्का,
सप्रेम जयभीम.

फोनवर तू ओरडशील आणि मी गप्प बसेन, म्हणून लिहितो. दाजींबरोबर पाठवलेला पेन ड्राइव्ह आबांना इतक्यात लावून देऊ नकोस.

हायवेवरच्या नाइट क्लबात माझ्या जॅझ ऑर्गनचं लाइव्ह रेकॉर्डिंग झालं, तेव्हा आबा पुढच्या टेबलावर लिंबू सरबत घेऊन बसले होते. तिसऱ्या गाण्यात रंगले आणि भीमगीतांच्या गायनपार्टीत मला पेटीवर द्यायचे तसा ओळ पुन्हा वाजवायचा हुकूम मोठ्यानं दिला, परत घे. जुन्या सवयीनं माझी बोटं मागे फिरली. ड्रमवाला गडबडला, पण अख्खा क्लब उठून उभा राहिला.

रेकॉर्डिंगवाला दीपक आबांचा तो आवाज राहू दे म्हणत होता. मीच काढायला लावला. रेकॉर्डिंग बाहेर पडल्यावर मुंबईचे लोक हसतील असं वाटलं. आता त्यात ग्लासांची किणकिण आहे, आबा नाहीत. तू त्यांना काहीतरी कारण सांग.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझा प्रशील

धुळे, १६ जानेवारी

चि. प्रशील,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. गाणी परवाच वाजली. आपला आवाज मशीनमध्ये आलाय म्हणून आबांनी गल्ली गोळा केली होती. पार्टीतले ढोलकीवाले सुपडूनानासुद्धा आले होते. मी शेव-मुरमुरे केले.

तिसरं गाणं लागलं तसा आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ती ओळ संपली, पुन्हा सुरू झाली, मधे काहीच आलं नाही. नानांनी आबांना नावानं हाक मारून विचारलंच, आधार, तुना आवाज कोठे शे. आबा हसले. मी मनातल्या मनात म्हटलं असेल, म्हणाले. पोरगा आता न सांगता परत घेतो, असंही म्हणाले. जेवले मात्र अर्धी भाकरी.

मला मशीनचाच दोष वाटला होता. तुझं पत्र त्यांना दाखवलेलं नाही. त्यांना कारण मी सांगणार नाही, तुझं तू लिही. वेळेवर जेवत जा.

राग आहे, माया त्याहून जास्त आहे.
अक्का

जळगाव, २० जानेवारी

आदरणीय आबा,
सविनय जयभीम.

तुम्ही मनात म्हटलं नव्हतं. मोठ्यानं म्हटलं होतं आणि मी ते पुसलं. तेव्हा मला तुमची लाज वाटली. हे लिहिताना माझी वाटते.

दीपककडून तुमचा आवाज पुन्हा जोडून घेतला आहे. रेकॉर्डिंग तसंच बाहेर पडेल. पण मला वाचवायला तुम्ही सुपडूनानांसमोर खोटं बोललात, ते कुठल्याच मशीनवर पुसता येत नाही.

रविवारी सकाळच्या बसने येतो. गल्लीतल्यांना पुन्हा बोलवा. गाणी लावण्याआधी झालं ते मीच सांगेन. मधे बोलून मला सांभाळून घेऊ नका. एवढी एक चूक माझ्याच नावावर राहू द्या.

हवं तेवढं रागवा, पण घरी असा.
तुमचा प्रशील