टिटवीच्या माळावर मांडव

रविवार, दिवेलागण

मी सांगायले, नात सुवर्णा लिहायली. मला अक्षर येत न्हाई अन् तिला आज बोल फुटंना. जोडी बरी जमली.

तिच्या कॉलेजचे पोरं-पोरी अन् मॅडम आज अभ्यासाला आमच्या माळावर आले. टिटव्या उघड्यावर खड्यांत अंडी घालतात, ती दाखवायची होती. त्यापायी सुवी वर्षभर उन्हात करपली. मी चिडवायची, "टिटवीलाच सासू करून घे बाई."

पण पाव्हणे यायलेत म्हणल्यावर माझा लेक, म्हणजे तिचा बाप, गप बसंल? काल सुवी परभणीला असताना त्यानं जेसीबी लावून माळ लगीनघरावानी साफ केला. पाव्हण्यांच्या पायात काटा मोडला तर इज्जत जाईल म्हणं. पाखरं काय, उडून येतील, असंबी म्हणला. काटे जाळले, मुरूम दाबला, वर मांडव घातला. अंडी मुरमाखाली गेली. टिटव्या मांडवावर ओरडत फिरायल्या अन् पाव्हणे खाली पोहे खायले.

सुवी मॅडमला एवढंच म्हणली, "इथं होती." मॅडमनं मान खाली घातली. टिटवी ओरडतच होती. आत्ताबी ओरडायली. कुणाला सांगायली ती?

पाव्हणे गेल्यावर लेकानं इचारलं, "खूश झाले ना?"

सुवी म्हणली, "व्हय बाबा." त्याचं हसरं तोंड बघून मलाबी दुसरं बोलवंना.

मग तो लय हौसेनं म्हणला, "पुढच्या साली नदीकाठची पाखरं दाखव त्यांना, तो काठबी असाच साफ करून देतो."