दूमतच्या तळ्यावर दीड तास

॥ श्री ॥

नाशिक,
दि. २१ डिसेंबर

चि. श्रीकांत यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा अवनीने छापून आणून दिलं. खालच्या मजल्यावर राहते ती बिचारी बँकेतून दमून येते, आणि तुमच्या पत्रांचे मोबाईलवर आलेले फोटो झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत काढून आणते. माझी पत्रं तुम्हाला पाठवण्याचं कामही तिचंच. मला ओशाळल्यासारखं होतं, पण दुसरा इलाज नाही. कानातलं मशीन लावून फोन घेतला की नुसती शिट्टी वाजते. शिवाय फोनवर तू हं आणि हूं याच्या पलीकडे जात नाहीस. पत्रात निदान पूर्ण वाक्यं लिहितोस. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं त्याचं एवढं तरी फळ.

आता मुद्द्याचं. सौदीत राहून बर्फ शोधून काढणारे तुम्ही एकटेच असाल. तबूकच्या डोंगरावर हिवाळ्यात पडतो म्हणतोस, पडू दे. पण एक्कावन्न वर्षांचा घोडा झाल्यावर पायांना फळ्या बांधून डोंगरावरून घसरायचं हे कुणी सुचवलं? सोमेश्वरच्या धबधब्यावर घसरून हनुवटी फोडून घेतली होतीस. पाच टाके तुला पडले आणि तीन दिवस जेवण मला गेलं नाही, ते विसरलास वाटतं.

तुझ्या धाकट्या भावाची, हर्षवर्धनची, तुला फूस आहेच. परवा पुण्याहून आला तेव्हा म्हणाला, दादा अकरा वर्षं त्या जुबेलच्या कारखान्यात शटडाऊन-शटडाऊन करतोय, एकदा जाऊ दे त्याला पोराबाळांना घेऊन. मग मीही गप्प बसले. चि. सौ. चारुताला सांग, मुलांना लोकरीचं सगळं घाल. अमोघ मला इंग्रजीत दोन ओळी लिहितो आणि नूपुर हिंदीत, आजी मात्र मी मराठीच आहे याची दोघांना आठवण करून दे.

जपून जा, आणि आल्यावर नीट सविस्तर लिही.

तुझी आई,
मधुमती

—

॥ श्री ॥

तबूक,
दि. २७ डिसेंबर

ती. आईस श्रीकांतचा शि. सा. न. वि. वि.

पूर्ण वाक्यांत लिहितो आहे, तपासून घे.

बर्फ पाहिला. घोट्यापर्यंतच होता, पण होता. डोंगरावर अर्धं तबूक लोटलं होतं. लोक जीपच्या आडोशाला निखारे पेटवून कहावा, म्हणजे त्यांची कॉफी, करत होते आणि वाटेल त्याला बोलावून पाजत होते. कारखान्यातल्या आमच्या राजाभाऊंनी परदेशातून आणलेल्या स्की मला दिल्या होत्या. मी सात वेळा पडलो. आठव्या वेळी तीस पावलं सरळ गेलो, ती कुणी चित्रित केली नाहीत. सातही पडणी मात्र नूपुरच्या मोबाईलमध्ये आहेत. अमोघला माझी इतकी लाज वाटली की तो दुसऱ्याच कुटुंबात जाऊन उभा राहिला. आणि चारुता हसत होती. आई, चोवीस वर्षांत तिला असं पोट धरून हसताना मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी आणखी दोनदा पडलो असतो.

डावा खांदा दुखतो आहे, दंडापर्यंत. सातव्या वेळी त्याच्यावरच आदळलो. चारुताने मलम चोळलं, उद्या गाडी तीच चालवणार आहे.

उद्या सकाळी निघू. घर दीड हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे दोन दिवस. वाटेत दूमत अल जंदल नावाचं गाव लागतं, तिथे वाळवंटात मोठं तळं आहे. शेतांना दिलेलं पाणी निथळून साठलं, त्याचं झालं म्हणतात. चारुताला तिथे थांबायचं आहे. मी म्हटलं, जुबेलला रोज समुद्र असतो की. ती म्हणते समुद्र वेगळा, तळं वेगळं. माझं मत सरळ पुढच्या मोठ्या गावात, सकाकाला जाऊन जेवावं असं आहे, पण माझ्या मताची किंमत तुला माहीत आहे.

मे महिन्यात पूर्ण तीस दिवसांची रजा मंजूर झाली आहे. आंब्याच्या पेट्या आधीच सांगून ठेव.

प्रकृतीची काळजी घे, माझ्यावर रागावू नकोस.

तुझा,
श्रीकांत

—

जुबेल,
दि. ३ जानेवारी

ती. आईंना चारुताचा शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफ करा. आम्ही कालच घरी पोचलो. श्रीकांतचा खांदा वाटला त्यापेक्षा जास्त दुखावला आहे. हाड सरकलं आहे, हात गळ्यात बांधला आहे. त्याला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे. थोडे दिवस दवाखान्यात ठेवतील. काळजीचं काही नाही.

मुलं बरी आहेत. शाळा सुरू झाली. इथे थंडी बरीच आहे.

हर्षवर्धनभावजी तुमच्याजवळ आले आहेत हे ऐकून बरं वाटलं. त्यांना राहू द्या थोडे दिवस. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.

तुमची,
चारुता

—

नाशिक,
दि. ७ जानेवारी

चि. चारुता हिस आशीर्वाद.

तुझ्या नावामागे 'सौ.' लिहिलेलं नाही. ते राहून गेलं असं समजू नकोस. लिहायला घेतलं, आणि पेन तिथेच थांबलं.

तुझं पत्र चार दिवस माझ्या उशीखाली आहे. पहिल्या दिवशी वाचलं तेव्हा काहीतरी टोचलं, काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी कळलं. वर श्री नाही. या घरात आल्यापासून तू वाण्याच्या यादीवरसुद्धा श्री लिहितेस, मी हसायची त्याला. दुःखाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, हे तुला कुणी शिकवायला नको. खोटं तू मनाने लिहिलंस, पण हाताने खरं लिहिलं.

मग बाकीचंही दिसायला लागलं. डावा खांदा दुखावला तर माणूस उजव्या हाताने लिहितो, बाई. हर्ष एकोणतीस तारखेला आला तो परत जायचं नाव घेत नाही. नोकरी सोडून माझ्या शेजारी बसून मटार सोलतो. जन्मात त्याने मटार सोलला नाही. अवनी जिन्यात भेटली की चप्पल शोधायला लागते, पायात असते ती. काल मी हर्षला सरळ विचारलं, तर तो उठून गॅलरीत गेला आणि कितीतरी वेळ पाठ करून उभा राहिला.

माझ्या बायपासच्या ऑपरेशनचं निमित्त करून तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं असणार की म्हातारीला कळता कामा नये. दहा दिवस मी देवापुढे निरांजन लावते आहे, दूध-साखर ठेवते आहे, त्याचा खांदा बरा होऊ दे म्हणून. मुलाच्या सुतकात आईला पूजा करायला लावलीत. हे मात्र मी कुणाला माफ करणार नाही.

मी चुकले असेन तर त्याला मोबाईलसमोर बसव आणि मला दाखव. बोलला नाही तरी चालेल. मी सगळ्यांसमोर कान धरून तुझी माफी मागेन. चुकले असेन तर किती बरं होईल ग.

आणि चुकले नसेन तर त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून लिही. हर्षला सांगायला लावू नकोस आणि मला गोड करून सांगू नकोस. त्याला जन्म मी दिला आहे, तो कसा गेला हे विचारायचा हक्क माझा आहे.

मधुमती

—

जुबेल,
दि. १० जानेवारी

ती. आईंना नमस्कार.

तुम्ही चुकला नाहीत. श्रीकांत गेला. अठ्ठावीस डिसेंबरला, दुपारी.

श्री मुद्दाम गाळलं नव्हतं. तुमचं पत्र वाचेपर्यंत मला ते कळलंही नव्हतं. भावजींनी सांगितलं होतं की तो घरी आल्याशिवाय आईला कळू द्यायचं नाही, आणि मी ऐकलं. मला ते सोपं वाटलं म्हणून ऐकलं. तुम्हाला तोंड दाखवायचं माझ्यात बळ नव्हतं. का ते लिहिते.

आम्ही सकाळी आठला तबूकहून निघालो. गाडी मी चालवत होते. त्याचा खांदा दुखतच होता, तो मान टेकून बसला होता. वाटेत दोनदा म्हणाला की दात दुखल्यासारखं जबड्यात दुखतंय. मी म्हटलं की सात वेळा पडल्यावर दातसुद्धा दुखणारच. नूपुर तर मागे बसून त्याच्या पडण्याचे व्हिडिओ मोठ्याने लावत होती आणि आम्ही सगळे हसत होतो. तोही.

दूमतच्या फाट्यावर तो म्हणाला की नको थांबूया, सकाका पन्नास किलोमीटरच आहे, तिथे जेवू आणि जरा पडू. आई, स्टिअरिंग माझ्या हातात होतं. मी गाडी तळ्याकडे वळवली. मी म्हटलं की दर वेळी तुझंच ऐकायचं का. तो हसला, यल्ला, चल, म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

तळ्याच्या काठी बाकं आहेत, खजुराची झाडं आहेत. तिथे आम्ही दीड तास होतो. मी पोळीच्या सुरळ्या काढल्या, त्याने एकच खाल्ली. तिथले मुरवलेले जैतून, म्हणजे ऑलिव्ह, घेतले होते, ते चार खाल्ले आणि छातीत जळजळतंय म्हणाला, तर मी जैतूनला नावं ठेवली. त्याचा खांदा पुन्हा चोळून दिला. घाम आला होता, मी म्हटलं ऊन आहे. जानेवारी तोंडावर आलेला, मला स्वेटरमध्येसुद्धा थंडी वाजत होती, आणि मी म्हटलं ऊन आहे. मग तो गाडीत जाऊन पडतो म्हणाला. मी बसूनच राहिले पाण्याकडे बघत. अर्ध्या तासाने नूपुरला त्याला उठवायला पाठवलं.

ॲम्ब्युलन्स लगेच आली. डॉक्टर म्हणाले की खांदा नव्हताच, हृदय होतं, आणि ते सकाळपासून चाललं असावं. मी विचारलं की दीड तास आधी आणलं असतं तर. ते खाली बघून कागद भरत राहिले.

दवाखान्यातले अरबी कागद मला कळेनात, म्हणून कुणीतरी जमालुद्दीनचाचांना बोलावून आणलं. ते रत्नागिरीकडचे, सव्वीस वर्षं त्या गावात एसी दुरुस्तीचं दुकान चालवतात. आल्या आल्या त्यांनी मराठीत विचारलं की मुलं जेवली का, आणि तेव्हा मी पहिल्यांदा रडले. पाच दिवस त्यांनी आम्हाला घरी ठेवून घेतलं. त्यांच्या बायकोने, जोहराभाभींनी, स्वयंपाकघरातून मांसमच्छी बंद केली, रोज नूपुरची वेणी घातली. चाचा माझ्याबरोबर पोलीस, दवाखाना, सगळीकडे फिरले. कारखान्याच्या एका साहेबाने फोनवर सुचवलं की इथेच दफन केलं तर दोन दिवसांत खलास होईल, नाहीतर कागदपत्रांना महिना लागेल. मी काही बोलायच्या आत चाचांनी त्याला सांगितलं की पोराची आई जिवंत आहे, पोरगा तिच्याकडेच जाईल.

आता कागद झाले आहेत. एकोणीस तारखेच्या विमानाने आम्ही त्याला घेऊन मुंबईला उतरू. तिथून भावजी गाडी आणतील.

अमोघ त्या दिवसापासून माझ्याशी फक्त मराठी बोलतो. अडखळत बोलतो, शब्द सापडला नाही तर थांबतो, पण इंग्रजीत जात नाही. मी काही विचारलेलं नाही.

तुम्हाला माझं तोंड बघवणार नसेल तर मला समजेल. सगळं झाल्यावर मी मुलांना घेऊन पुण्याला माहेरी जाईन. तुम्ही सांगाल तसं करेन.

चारुता

—

नाशिक,
दि. १४ जानेवारी

चि. चारुता हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. हर्षलाही वाचायला दिलं आणि मग आम्ही दोघं मायलेकरं एकदाची रडलो. इतके दिवस तो माझ्यापासून लपून रडत होता आणि मी त्याच्यापासून.

तू मला सांगू शकली असतीस की फाट्यावर आल्यावर त्याचंच मन बदललं आणि तोच थांबूया म्हणाला. कुणी पडताळायला गेलं नसतं. तू खरं लिहिलंस, म्हणून मीही खरं लिहिते. मला तुझा राग आला आहे. अवनीकडून मी नकाशा काढून घेतला. तबूकपासून जुबेलपर्यंत माझी वीतभर जागा भरते, आणि दूमतपासून सकाका म्हणजे बोटाचं अर्धं पेरही नाही. त्या अर्ध्या पेराकडे मी दोन दिवस बघत बसले. हर्ष समजावतो की वहिनीला काय माहीत, आपण असतो तरी खांदाच समजलो असतो, आणि सकाकाला पोचूनही तेच झालं असतं. खरं असेल त्याचं. माझ्या डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. खांदा दुखतो हे त्याने मलाही लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि हळद-दूध घे असं पुढच्या पत्रात लिहायचं ठरवलं. तेवढीच माझी अक्कल चालली. म्हणजे राग फक्त तुझाच आहे असंही नाही.

जमालुद्दीनभाईंना आणि त्यांच्या बायकोला माझा नमस्कार सांग. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या पोटच्या पोरांनाही सुचलं नव्हतं. घरी आणताना आधी इथे आणा, परस्पर अमरधामच्या स्मशानात नेऊ नका. नाही बघवलं तर मी डोळे मिटून घेईन, पण हात लावू द्या.

माहेरी जाऊ का म्हणून विचारलंस, त्या एका ओळीचा राग मात्र सगळ्यात जास्त आहे. राग आला म्हणून माणसं घराबाहेर काढतात होय? मी परक्या बायकांवर रागावत नाही, माझ्याजवळ तेवढा वेळ नाही. तू नाशिकलाच यायचंस. माझ्या खोलीत तुझी आणि नूपुरची गादी घातली आहे, अमोघ हर्षजवळ झोपेल.

पहिले काही दिवस मी तुझ्याशी धड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू वाईट वाटून घेऊ नकोस आणि उठून जाऊ नकोस. मला ऐकू येत नसलं तरी समोर बसून बोलत राहा, ओठांवरून मला बरंच कळतं. त्या दीड तासात तो काय काय बोलला, कुठे बसला, कशाला हसला, ते मला सांग. रोज थोडं थोडं सांग. एका दिवसात सांगून संपवू नकोस.

वाट बघते आहे.

आई