पोंचोचा चौथा कोपरा

मी, लोटन उत्तम बोरसे, वय एकाहत्तर, निवृत्त हवालदार, राहणार मौजे वडाळसे, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, पूर्ण शुद्धीवर असून स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो पथ्यापुरता. धुळ्याच्या डॉक्टरांच्या मते माझे हृदय दिवाळी पाहीलच असे नाही. म्हणजे पावसाळ्यात जाण्याची तयारी ठेवणे आले.

१. राहते घर व नरडाणा रस्त्याचे शेत पत्नी सुनंदाबाई हिच्या हयातीत तिचेच. तिच्यानंतर मुलगा हितेंद्र व मुलगी पुनम यांना समान. 'आई, नाशिकला चल' असे हितेंद्रने वर्षातून एकदाच म्हणावे. तिचे उत्तर ठरलेले आहे.

२. मोटारसायकल हितेंद्रला. ती सुरू कशी होते हे फक्त पुनमला ठाऊक आहे, तिला विचारावे.

३. पोंचो. फौजेतला, हिरवा, टोपीवाला. अंगात घातला की रेनकोट, अंथरला की सतरंजी, काठ्यांवर ताणला की तंबू. निवृत्त होताना तो मला रीतसर मिळाला, चोरलेला नाही. हे लिहावे लागते, कारण माझा धाकटा भाऊ भिकन याने चौकात तसे सांगितले आहे.

आमच्या स्मशानात शेड नाही. तीन सरपंचांनी त्यासाठी तीनदा नारळ फोडले, खोबरे सगळ्यांना मिळाले. त्यामुळे पावसाळ्यात गावात कोणी गेले की हाच पोंचो काठ्यांना बांधून चौघे जण चितेवर धरतात आणि लाकडे नीट पेटली की मागे सरतात. पोंचो सुनंदाबाईच्या ताब्यात राहील. मागेल त्या घराला द्यावा, भाऊबंदकी काढू नये.

४. पोंचोची निगा. चिखल ओल्या फडक्याने पुसावा. गरम पाणी, सोडा, ब्रश वर्ज्य. सावलीत वाळवावा, आपल्याकडच्या उन्हात पत्र्यावर टाकला तर आतला लेप पापडासारखा सुटतो. ओला घडी करू नये. घडीच करू नये, गुंडाळी करावी. फाटल्यास सुई लावू नये, कारण सुईचे प्रत्येक भोक गळते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशनने चिकटवावा. सूनबाई दिपमाला हिने एकदा तो प्रेमाने इस्त्री केला. इस्त्रीचा आकार अजून दिसतो. सुनंदाबाईने त्यावर ज्वारीचे बिबडे वाळत घालू नयेत. हे मी जिवंतपणी पुष्कळदा सांगितले आहे, आता कायद्याने सांगतो.

चितेवर धरण्याआधी टोपीची नाडी आवळून गाठ मारावी. एकदा ती राहिली आणि सगळे पाणी नेमके मधोमध उतरले.

५. भिकन. आमची आई झुंबरबाई श्रावणात गेली. वाऱ्याकडचा कोपरा भिकनकडे होता. धुराने त्याचे डोळे भरले, काठी खाली आली आणि पोंचोला हाताएवढे भोक पडले. मी 'कोपरा वर!' असे परेडच्या आवाजात ओरडलो. सूचना बरोबर होती. भिकन म्हणाला, "मनी बी माय शे ती, तुनी एकलानी नही." अस्थी गोळा केल्या त्या दिवसापासून तो माझ्या ओट्यावर चढलेला नाही.

माझ्या वेळी पाऊस असल्यास तीन कोपरे हितेंद्र, पुनम व शेजारी भूषण यांनी धरावेत. पुनमला कोणी अडवू नये. तिचा हात हितेंद्रपेक्षा स्थिर आहे. चौथा, वाऱ्याकडचा, भिकनने. काठ्या सारख्या असून भागत नाही, माणसेही उंच लागतात, नाहीतर पोंचोत पाणी साचते. गावात भिकनइतका उंच कोणी नाही. हे झाले एक कारण. दुसरे, तो माझा भाऊ आहे आणि शेवटी तो जवळ असावा असे मला फार वाटते.

पोंचो त्यालाच देणार होतो. परंतु वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. पोंचो घ्यायला तो मी गेल्यावर आला असता. सही करायला आताच यावे लागेल. म्हणून भिकनला या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

तो न आल्यास दुसऱ्या साक्षीदाराची जागा भरू नये. वकीलसाहेब म्हणतात, मग हा कागद रद्दी ठरेल. ठरू द्या.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, एक शब्दही बदलायचा नाही.

ठिकाण: मौजे वडाळसे
दिनांक: २२ जून २०२३

लिहून ठेवणार: लोटन उत्तम बोरसे (सही)

साक्षीदार
१. भूषण रामराव देवरे, किराणा दुकानदार (सही)
२. भिकन उत्तम बोरसे (सही, दिनांक २५ जून)

सहीखाली, साक्षीदार क्रमांक दोन यांच्या हातचे:
"बठ्ठं वाचं. कोपरा धरसू. पन भाऊ, औंदा पानी लांबेल शे, तू बी घाई करू नको."