सावलीच्या बाजूची मधुमालती

१२ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझी रोपवाटिका आहे म्हणून विचारतो. दादाच्या आणि माझ्या अंगणांमधल्या तारेच्या कुंपणावर कुठली वेल लावू? दाट हवी. त्याचं तोंड दिसता कामा नये. वडिलांच्या आजारपणात मी फिरकलो नाही, हे त्याने मला चारचौघांत ऐकवलं. ते मी विसरणार नाही. तू मध्ये पडू नकोस, वेल तेवढी सुचव.

तुझी माया आहे तशीच राहो.
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, वेल मागतोस की पडदा? मधुमालती लाव. बहर सरला की छाटत जा, नाहीतर वजनाने तारा वाकतील. पण आधीच सांगते, वेल उन्हाकडे धावते. तुझ्या बाजूला घराची सावली. फुलं सगळी दादाकडे जातील. मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

जिवाला जप.
तुझी अक्का

५ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दोन वर्षं झाली, तुझं भाकीत सपशेल चुकलं! सगळे गुच्छ माझ्याकडे, दादाकडे नुसता पाला. रोज सकाळी त्याच्या बाजूने खुडबूड ऐकू येते. हेव्याने शेंडे तोडत असणार, दुसरं काय!

दोघांवर सारखाच जीव लाव, पण माझ्यावर कणभर जास्त.
धाकटा

१४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तोडत नाही तो. याहून जास्त बोलायची मला त्याचीच बंदी आहे. हल्ली त्याला चार पावलांत दम लागतो. एकदा हाक मार, रे.

अक्का

२ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दादाला जाऊन पाच महिने झाले. मी हाक मारली नाही ती नाहीच.

यंदा माझ्या बाजूला एकही फूल नाही. वहिनीने काल बोलावून नेलं. कुंपणाशी त्याचं स्टूल अजून तसंच आहे. तारेवर जुन्या धोतराच्या चिंध्यांच्या गाठी, शंभरएक तरी असतील. वहिनी म्हणाली, कळ्या धरलेला प्रत्येक शेंडा ते तारेतून तुमच्याकडे सरकवून बांधायचे. म्हणायचे, धाकट्याने हौसेने लावलीय, त्याला फुलं दिसू देत.

अक्का, मी ती वेल कशासाठी लावली, हे त्याला ठाऊक होतं का? नसेल तर बरं. असेल तर मला सांगू नकोस.

गाठी मी सोडल्या नाहीत. नवीनही बांधणार नाही. रोज तिकडे जाऊन पाणी घालतो. फुलं यंदा त्याच्याच अंगणात राहू देत. त्याने ती कधी पाहिलीच नाहीत.

रागाव, पण पत्र टाक.
धाकटा